मागच्यांनी पुढं सरका

आमच्या बैठकीत बोलायचं असेल तर तिकीट लागतं. खोटं वाटत असेल तर अहमदपूरच्या आसपास कुठल्याही गावात विचारून बघा. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या अंथरलेल्या असतात आणि खाकी शर्टातला एक उंच, किडकिडीत माणूस खांद्याला चामडी पिशवी अडकवून लोकांतून वाट काढत असतो. हातातला लोखंडी पंच खांबावर टकटक वाजवत तो ओरडतो, "चला, तिकीट घ्या! माणशी दोन. बाई असो, बुवा असो, पाटील असो का पाटलाचा सालगडी. हितं कुणाचाच पास चालत न्हाई."

हे आमचे भुजंगराव. उभा जन्म एसटीत कंडक्टर म्हणून गेला. रिटायर झाल्यावर आमच्या लातूरच्या संस्थेत लागले. पाणी, रस्ता, अंगणवाडी अशा कामांसाठी सगळ्या गावाला एकत्र बसवायचं, हे आमचं काम. कागदावर मी प्रमुख आणि ते सहायक. मी समाजकार्यात एम.ए. आहे, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी आदरानं मान हलवली आणि विचारलं, "मग म्याडम, तुम्हाला गर्दी सांभाळता येती का?"

तिकिटाचा कायदा सोपा आहे. एकदा बोललं की एक तिकीट द्यायचं, भुजंगराव त्याला भोक पाडतात. दोन्ही तिकिटं गेली की पुढं फक्त ऐकायचं. सरपंच असले तरी. "साहेब, तुमचं गाव आलं. आता उतरा, न्हाईतर गप बसून चला." माणसं पहिल्या दहा मिनिटांतच आपली तिकिटं उडवून बसतात. बायकांची मात्र मुठीत घामेजलेली, जशीच्या तशी असतात. मग भुजंगराव खांबाला टेकून उभे राहतात आणि म्हणतात, "गाडी उभी हाय. मला काय घाई न्हाई." त्यांना खरंच घाई नसते. शांतता लांबली की मला घाम फुटतो, हा माणूस मात्र अडकित्त्यानं सुपारी कातरत राहतो.

ही तिकिटं पत्रिकांची असतात. मुलाच्या लग्नात भुजंगरावांनी दिलदारीनं पत्रिका छापल्या आणि गठ्ठेच्या गठ्ठे उरले. तेच कापून ते तिकिटं करतात. त्यामुळे गावोगावची माणसं 'आमचे येथे श्रीकृपेकरून' हातात धरून गटारावर भांडत असतात.

माझी आणि त्यांची खरी गाठ पडली ती गोल बसण्यावरून. बैठक गोलाकार हवी, सगळे समान दिसतात, हे मी शिकून आले होते. त्यात पुण्याहून एक प्रशिक्षक बाई आल्या. त्यांनी सगळ्यांना समोरासमोर बसवलं आणि सांगितलं, "समोरच्याच्या डोळ्यांत एक मिनिट प्रेमानं बघा." बसवताना त्यांनी अंक मोजून जोड्या लावल्या होत्या. एका सुनेसमोर तिचा सासरा आला आणि एका भावजयीसमोर तिचा थोरला दीर. पदर हनुवटीपर्यंत आले, सासरेबुवांना एकदम म्हशीची धार काढायची आठवली, आणि दोन मिनिटांत सतरंजीवर मी, प्रशिक्षक बाई आणि एक कुत्रं उरलं.

"म्याडम," भुजंगराव म्हणाले, "यष्टीत कधी कुणी समोरासमोर बसतंय का? समदे एका दिशेनं तोंड करून बसत्यात. म्हणून तर अनोळखी माणसं बी बोलत बोलत नांदेडपोत जात्यात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच गावाला एसटीसारखं बसवलं. सगळ्यांची तोंडं फळ्याकडं. "मागच्यांनी पुढं सरका!" असं ओरडत भिंतीकडेच्या सगळ्या बायका पुढच्या रांगांत आणल्या आणि पुरुष मागं. कुणाच्या शेजारी कोण, हे चिठ्ठीवर. पाटलांच्या सूनबाई आणि बौद्ध वस्तीतल्या गोदावरीबाई एका सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसल्या, कारण चिठ्ठीत तसं आलं होतं, आणि चिठ्ठीशी भांडणार कोण? नळ देवळापाशी की विहारापाशी, यावर गाव तीन महिने भांडत होतं. त्या दिवशी पुरुषांची तिकिटं संपली, सुपारीही संपली, तेव्हा गोदावरीबाई फळ्याकडं बघत म्हणाल्या, "नळ कुठंबी बसवा. पाणी सोडता दुपारी, तवा आमी समद्या रानात. सकाळी सोडा की." पाटलांच्या सूनबाईंनी तिकीट काढलं. "ह्या म्हंत्यात तेच." मागं सासरा बसला होता, पण त्याचं तोंड तिला दिसत नव्हतं. पाणी सकाळी सुटायला लागलं आणि नळाचं भांडण आपोआप निवलं. मी त्या दिवसापासून गोलाचं नाव काढलेलं नाही.

असा हा जिंकलेला माणूस. सासरा-सुनेचा गुंता त्यांना इतका बरोबर कसा कळतो, याचं मला नवल वाटायचं. मग एकदा त्यांच्या घरी जेवायला गेले आणि उलगडा झाला.

घरात दोघंच, भुजंगराव आणि सून कांचन. मंडळी मुलाच्या लग्नाआधीच वारल्या, मुलगा नांदेडला नोकरीला, रविवारी येतो. कांचन माझ्याशी छान मोकळं बोलली. हसली, बिलोलीचं माहेर सांगितलं, वांग्याच्या भाजीत काय काय घातलंय ते सांगितलं. मग भुजंगरावांच्या मागं उभी राहून मला म्हणाली, "ताई, मामांना विचारा, भात वाढू का?"

भुजंगराव माझ्यापासून हातभर अंतरावर होते. तेही मला म्हणाले, "म्याडम, तिला म्हणा, अर्धाच."

मी दुभाष्याचं काम केलं. एरवी पाहुणे नसताना काय करतात, हे ते मला सोडायला आले तेव्हा वाटेत मी विचारलं.

"फ्रिजला सांगतीया," ते म्हणाले. "फ्रिजकडं बघून म्हंती, मामांचं ताट वाढलंय."

आणि मग बसस्टँडवर उभं राहून त्यांनी सांगितलं. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं. पोरीनं सगळ्यांसमोर धीर करून म्हटलं, मामा, मला डी.एड. करायचं हाय. "अन् मी कसा बोललो ठाव हाय? भरल्या गाडीत पाशिंजराला बोलतो तसा. म्हनलो, मोठी माणसं बसल्यात, मधी बोलू नको. पाहुणे हासले. त्या दिवसापासनं ती बोलली न्हाई. सहा वर्सं झाली."

"मग आता बोला की तुम्ही."

"लई डाव ठरविलो. उभ्या जिंदगीत लोकाला गप करायचंच काम केलो, म्याडम. तिच्यासमोर जीभच उचलत न्हाई." ते थोडा वेळ पंच उघडमीट करत राहिले. "रोज सकाळी निघताना साखरेच्या डब्यावर एक तिकीट ठिवतो. सांजच्याला तिथं नसतंय. केरात टाकत आसंल."

मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली. तालुक्यातल्या शंभर सुना ज्याच्यामुळे बोलायला लागल्या, त्याला स्वतःच्या घरात एक शब्द मिळत नव्हता. आणि त्याला तेवढा एकच हवा होता.

या उन्हाळ्यात त्यांच्याच गल्लीची बैठक निघाली. गल्ली आणि बौद्ध वस्ती यांच्या मधे एक सार्वजनिक खोली नुकतीच दुरुस्त झाली होती. भजनी मंडळाला ती हवी होती, जयंती समितीला हवी होती, आणि पोरांना तिथं कॅरम मांडायचा होता. सतरंज्या पडल्या. कांचन आली आणि दुसऱ्या रांगेत बसली. भुजंगरावांनी तिला पाहिलं. त्यांनी पिशवी आणि पंच काढून माझ्या हातात दिले.

"आज गाडी तुम्ही घ्या."

"का हो?"

"मी पुढं उभारलो तर तिला माझं तोंड दिसतंय."

आणि तालुक्यातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस सगळ्यांत मागं, चपलांपाशी जाऊन बसला.

पुरुषांची तिकिटं नेहमीप्रमाणे संपली. मी पंच वाजवला, थांबले. मला सुपारी खाता येत नाही, त्यामुळे ती शांतता मला फारच जड गेली. शेवटी कांचन उठली. तिनं स्वतःच्या पिशवीतून एक गठ्ठा काढला. लाल, पिवळ्या पत्रिकांचे तुकडे, रबरबँडानं बांधलेले. एकही कमी नसणार, इतका जाड.

"ताई, ही तिकिटं चालतात का, ते मामांना..." ती थांबली. "राहू द्या. मीच विचारते."

ती वळली. सगळ्या गल्लीकडं, सासऱ्याकडं तोंड करून उभी राहिली.

"मामा, चालतात का ही?"

भुजंगराव उभे राहिले. पायाखाली कुणाची तरी चप्पल आली होती, तिच्यावरच उभे राहिले. "चालत्यात," ते म्हणाले. "समदी चालत्यात."

"मग ऐका. खोली संध्याकाळी लेकरांच्या अभ्यासाला द्या. दोन्हीकडच्या लेकरांच्या. मी शिकवते. मला डी.एड. करायचं होतं, करू दिलं नाही. पण जेवढं शिकले तेवढं विसरलेले नाही."

गल्ली चपापली. भुजंगरावांची मान खाली गेली. समितीतले एक जण सावरून म्हणाले, "पोरी, तुझं बरोबर हाय, पण..."

"ओ भाऊ!" मागून भरल्या एसटीतला आवाज आला. "तुमची तिकिटं संपल्यात. ती बोलायली. मधी बोलू नका."

ती आणखी बराच वेळ बोलली. एकेका मुद्द्याला एकेक तिकीट आणून माझ्या हातात देत होती आणि मी भोकं पाडत होते. एका तुकड्यावर तिचंच नाव छापलेलं निघालं, त्याला मी भोक पाडलं नाही. खोली अभ्यासाला द्यायची ठरली, भजन गुरुवारी आणि समिती रविवारी.

त्या दिवशी त्यांच्याकडंच जेवले. कांचन भाताचं पातेलं घेऊन आली आणि त्यांच्या मागं नाही, समोर उभी राहिली.

"मामा, भात वाढू का?"

भुजंगरावांनी सवयीनं माझ्याकडं पाहिलं. "म्याडम, तिला म्हणा..."

मी वांग्याच्या भाजीत मान घातली आणि वर पाहिलंच नाही.

"वाढ, पोरी," ते म्हणाले. "आज अर्धा नको."