वादविवादात पडलेला दात

हवालदार बाई डबा उघडून पहिला घास उचलणार, तेवढ्यात ठाण्यातला फोन खणखणला. घास पुन्हा डब्यात ठेवून त्यांनी फोन उचलला.

"पोलीस ठाणं का? हायस्कूलमधून उपमुख्याध्यापक बोलतोय. ताबडतोब या! नववीच्या वर्गात मारामारी झालीय. रक्त आलंय. एक दात पडलाय."

"मारलं कोणी?"

"नाव फोनवर सांगता येणार नाही. मुलगा अल्पवयीन आहे. तुम्हीच पालकसभेत बजावलं होतं, बाई."

बजावलं होतं खरं. त्या सभेत बाई गणवेशातच गेल्या होत्या आणि टेबलावर हात आपटून बोलल्या होत्या. "आज कानफटात मारतात, शिक्षक मिटवतात. उद्या डोकं फोडतात, तेही मिटवतात. मग एक दिवस मिटवण्यासारखं काही उरतच नाही! रक्त दिसलं की पोलीस. मुलगा कोणाचाही असो!" टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला होता. सगळ्यांत जोरात टाळ्या उपमुख्याध्यापकांनी वाजवल्या होत्या. मुख्याध्यापिका मोठ्या बाई तेवढ्या उठून हळू आवाजात म्हणाल्या होत्या, "पोलीस आले की मुलं गप्प होतात. शहाणी होतातच असं नाही." त्यांना एकही टाळी मिळाली नव्हती.

हवालदार बाईंनी डब्याला झाकण लावलं आणि साहेबांच्या खोलीत डोकावल्या.

"साहेब, हायस्कूलमध्ये जाऊन येते. मारामारी आहे."

"जा, जा. असल्या पोरांना तुमच्यासारखंच कोणीतरी पाहिजे," साहेब म्हणाले.

बाईंनाही तसंच वाटत होतं. गल्लीतली भांडणं त्या नुसत्या वळणावर दिसल्या तरी विरघळायची. घरात तर भांडणाचा प्रश्नच नव्हता. नवरा गरीब स्वभावाचा, आणि एकुलता एक दादू म्हणजे मुंगीलाही वळसा घालून जाणारा. निदान बाईंची तशी पक्की समजूत होती.

शाळेच्या फाटकात उपमुख्याध्यापक उभेच होते. त्यांच्या गळ्यात कायम शिट्टी असायची, त्यामुळे सगळी शाळा त्यांना शिट्टी सर म्हणायची. बाईंना बघून ते थोडे गडबडले.

"बाई, तुम्ही पालक म्हणून आलात की पोलीस म्हणून?"

"म्हणजे काय? पोलीस म्हणून. तुम्हीच बोलावलंत ना?"

"बोलावलं दोघांनाही. तुमच्या मोबाइलवर मघापासून फोन करतोय. तुम्ही उचलेनात, म्हणून मग ठाण्यात केला."

बाईंनी पिशवीतून मोबाइल काढला. तो गप्प करून ठेवलेला होता आणि त्याच्यावर शाळेचे फोन येऊन पडले होते. बाईंच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. त्या तडक ऑफिसात शिरल्या.

भिंतीलगतच्या बाकावर दादू बसला होता. शर्टाचं एक बटण तुटलेलं, केस उभे. बाकाच्या दुसऱ्या टोकाला टिल्लू. वर्गातला सगळ्यांत उंच मुलगा म्हणून त्याचं नाव टिल्लू पडलं होतं. त्याने नाकाला ओला रुमाल लावला होता, आणि तोंड मिटूनच ठेवलं होतं. टेबलामागे मोठ्या बाई शांतपणे बसल्या होत्या.

आईचा गणवेश दिसताच दादू उठून उभा राहिला. मग बसला. मग पुन्हा उठला.

"आई..."

"इथे आई नाही. बस खाली."

बाई बाहेर व्हरांड्यात गेल्या आणि त्यांनी साहेबांना फोन लावला.

"साहेब, दुसऱ्या कोणाला तरी पाठवा. आरोपी माझाच आहे."

"तुमचाच म्हणजे?"

"म्हणजे पोटचा."

साहेब म्हणाले, "बाई, सगळे बंदोबस्ताला गेलेत. इथे मी एकटा, आणि समोर दोन दुकानदार एकमेकांची गचांडी धरून उभे आहेत. तुम्हीच निभावून न्या."

"लोक म्हणतील, आई आहे, पोराला सोडून दिलं."

"तुम्ही? सोडून द्याल?" साहेब हसले. "मला त्या पोराचीच काळजी वाटतेय."

बाई परत आत आल्या, तोवर टिल्लूचे वडील येऊन पोचले होते. ते दातांचे डॉक्टर होते. दवाखान्यातून तसेच धावत आल्यामुळे पांढरा कोट अंगात होता आणि तोंडावरची पट्टी हनुवटीवर लोंबत होती. मुलाची विचारपूस करायच्या आधी त्यांनी विचारलं, "कोणता दात?"

टिल्लूने तोंड न उघडता बोटाने दाखवलं.

"पुढचा?" डॉक्टर किंचाळले. "अहो, तो तर मी बसवलेला! सायकलवरून पडून मूळचा तुटला, त्याच्यावर मी स्वतःच्या हाताने टोपी बसवली! घोड्याने लाथ मारली तरी हलायचा नाही, असा बसवला होता!"

"म्हणजे मार जबरदस्त होता म्हणायचा," शिट्टी सर म्हणाले.

"जबरदस्त? भयंकर! माझ्या हातचा दात उडवायचा म्हणजे काय ताकद लागेल, कल्पना आहे का तुम्हाला? साधा ठोसा नव्हे हा. बाई, तुम्ही तक्रार लिहून घ्या. घातक हल्ला!"

"मी हळूच मारलं होतं," दादू पुटपुटला.

डॉक्टर चवताळले. "हळूच मारल्याने माझा दात पडत नाही!"

बाईंनी टोपी सारखी केली. आतून आई म्हणत होती की हे पोर घरी आलं की याची पाठ सोलते. बाहेरून हवालदार म्हणाल्या, "दोघांचंही ऐकून घेते. भांडण कशावरून झालं?"

दोन्ही मुलांनी माना खाली घातल्या. उत्तर मोठ्या बाईंनी दिलं.

"आज वर्गात वादविवाद होता. विषय होता, शाळेतल्या मारामाऱ्यांत पोलिसांना बोलवावं की नाही."

"मग?"

"टिल्लू म्हणत होता, बोलवावं. दादू म्हणत होता, गरज नाही. विद्यार्थी आपले वाद समजुतीने मिटवू शकतात." मोठ्या बाईंनी चष्मा सारखा केला. "हे वाक्य पुरं झालं, आणि त्याने ठोसा मारला."

शिट्टी सरांना खोकला आला. तो हसण्याचा होता हे सगळ्यांनाच कळलं.

"दादू!" हवालदार बाईंचा आवाज चढला. "पोलिसांची गरज नाही असं तू म्हणालास? माझा मुलगा असून?"

"सरांनीच ती बाजू दिली, आई. चिठ्ठ्या टाकून."

"आणि ठोसा? तो पण चिठ्ठीत आला होता?"

"त्याने आधी ढकललं!"

"का ढकललंस रे?" बाईंनी टिल्लूकडे बघून विचारलं.

टिल्लूने नाइलाजाने तोंड उघडलं. समोरच्या फटीतून हवा सुटली. "हा माझ्या भाषणाला हफला."

"सगळा वर्गच हसला," दादू म्हणाला. "तो काय म्हणाला, माहितीय? 'आपल्या शाळेला फोलीफ हवेत, फोलीफांशिवाय शिफ्त नाही.' मग हसणार नाही तर काय?"

हवालदार बाई पुढे काही बोलणार होत्या, पण त्यांच्यातली पोलीस एकदम जागी झाली. त्या टिल्लूच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"थांब. फोलीफ कधी म्हणालास? मार खाण्याच्या आधी की नंतर?"

"आधी," दादू म्हणाला.

टिल्लूचे कान लाल झाले.

"दात तर ठोशाने पडला ना? मग ठोशाच्या आधीच हा फोलीफ कसा म्हणाला?" बाईंनी हात पुढे केला. "पुरावा कुठे आहे?"

शिट्टी सरांनी खिशातून घडी घातलेला रुमाल काढला. दात त्यांनी मोठ्या काळजीने गुंडाळून ठेवला होता. रुमाल उलगडला, पण दात सुटेना. कापडाला घट्ट चिकटून बसला होता.

"रक्त वाळलं की असं होतं," सर जाणकारपणे म्हणाले.

बाईंनी रुमाल नाकाशी नेला. "रक्ताला संत्र्याचा वास येतो का हो सर?"

बाईंनी रुमाल सगळ्यांपुढे धरला. दाताच्या आतल्या बाजूला नारिंगी रंगाचा एक चिकट गोळा होता. टॉफीचा.

"टिल्लू," बाई म्हणाल्या, "भाषणाच्या वेळी तोंडात काय होतं?"

"टॉफी. घफा ओला राहावा म्हणून." टिल्लू रडवेला झाला. "बोलायला उभा राहिलो आणि दात तिच्याबरोबरच निघाला. मी गालात धरून ठेवला होता. मग याने नाकावर मारलं, तेव्हा बाहेर उडाला."

"म्हणजे ठोसा नाकावर बसला. दात टॉफीने काढला." बाईंनी खिशातलं पेन काढलं. "डॉक्टर, तुम्ही म्हणालात घोड्याच्या लाथेलाही दाद देणार नाही. तर मग तक्रारीत असं लिहू का, की डॉक्टरांनी स्वतः बसवलेला दात एका संत्र्याच्या..."

"लिहायची काय गरज आहे?" डॉक्टर घाईघाईने म्हणाले. त्यांनी रुमालासकट दात कोटाच्या खिशात टाकला. "मुलं आहेत. होतं असं. मुलांच्या भांडणात पोलीस आणायचे म्हणजे जरा जास्तच होतं, नाही का?"

"मघाशी घातक हल्ला होता."

"मघाशी मी भावनेच्या भरात होतो."

दादूने सुटकेचा निश्वास टाकला आणि तो हळूहळू दाराकडे सरकायला लागला. बाईंनी मान न वळवताच त्याची कॉलर पकडली.

"दाताचं मिटलं. नाकाचं मिटायचंय. त्याच्या नाकातून रक्त आलंय ते तुझ्यामुळे. ढकलणं चूक असेल, पण ठोसा मारायचं तूच ठरवलंस. हसायचंही तूच ठरवलंस. आता बोल, तुझं काय करू? ठाण्यात घेऊन जाऊ की घरी?"

दादूने जरासुद्धा विचार केला नाही.

"ठाण्यात."

"काय?"

"ठाण्यात ने, आई. कोठडीत घाल हवं तर. घरी नको."

हे ऐकून टिल्लूनेही एकवार वडिलांकडे पाहिलं आणि तो उभा राहिला. "मलापण घेऊन चला. मीपण ढकललं होतं."

"अरे, तुला काय झालं?" डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही दात परत बफवताना बोलत बफता," टिल्लू म्हणाला. "आणि मला उत्तर देता येत नाही."

मोठ्या बाईंनी इतका वेळ आवरून धरलेलं हसू शेवटी सुटलंच. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. हवालदार बाई मात्र खुर्ची ओढून खाली बसल्या. आल्यापासून त्या पहिल्यांदाच बसत होत्या. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मॅडम, पोलीस म्हणून माझं इथे काही काम नाही," त्या म्हणाल्या. "पालक म्हणून आहे. काय करायचं ते तुम्ही सांगा, मी मान खाली घालून ऐकते."

"मान खाली कशाला? बाकीची सभा त्या दिवशी तुमच्यामुळेच जागी झाली होती." मोठ्या बाई गंभीर झाल्या. "उद्या कोणी खरोखर चाकू काढला, तर मी एक क्षणही थांबणार नाही, तुम्हालाच फोन करीन. पण नाक आणि टॉफी यांना मी पुरेशी आहे." मग त्या मुलांकडे वळल्या. "वादविवाद अर्धवट राहिलाय. तो उद्या पुरा करायचा. दादू म्हणेल पोलीस हवेत, टिल्लू म्हणेल नकोत. भाषणं दोघांनी मिळून लिहायची, एकाच बाकावर बसून. आणि तोंडात काहीही न ठेवता."

"आणि कोणी हसलं तर?" दादूने विचारलं.

"तर हसू द्यायचं."

मुलं बाहेर पडली. व्हरांड्यात टिल्लूने खिशातून उरलेली टॉफी काढून दादूपुढे धरली, आणि दादूने ती तोंडात टाकली, हे डॉक्टरांनी खिडकीतून पाहिलं. ते नुसतंच कपाळाला हात लावून उभे राहिले.

बाई ठाण्यात परतल्या तेव्हा उन्हं उतरली होती. आपला डबा खाऊन घ्यावा म्हणून त्या खुर्चीकडे वळल्या, तर साहेबांच्या खोलीतून आरडाओरडा चाललेला. दोन्ही दुकानदार अजून तिथेच होते. एक टकला, एक मिशीवाला. शेजारी शेजारी दुकानं, आणि एकाच्या पाटीने दुसऱ्याची पाटी झाकली म्हणून हाणामारी. दोघांच्याही कपाळाला खोक पडलेली. साहेबांचा आवाज बसला होता.

"बाई, आलात का? यांना गुन्ह्याची धमकी दिली, दंडाची दिली, कोठडीची दिली. दोघेही म्हणतात, खुशाल घाला आत, पण पाटी हलणार नाही! आता काय करू सांगा."

बाई टेबलाशी आल्या. त्यांनी दोघांनाही नीट न्याहाळलं. दोघेही पन्नाशीच्या पुढचे, वजनदार, तोंडाने तिखट. बाईंनी टेबलावरचा फोन आपल्याकडे ओढून घेतला.

"तुमच्या आई आहेत ना?" त्यांनी टकल्याला विचारलं.

"आहे की. का?"

"नंबर सांगा. आणि तुमच्याही आईचा सांगा," त्या मिशीवाल्याला म्हणाल्या. "दोघींनाही इथेच बोलावून घेते."

मिशीवाल्याने सावकाश शर्टाची बटणं लावली. टकल्याने त्याच्याकडे बघितलं, त्याने टकल्याकडे बघितलं.

"पाटी जरा वर सरकवली तरी चालण्यासारखं आहे," मिशीवाला म्हणाला.

"मी शिडी देतो," टकला म्हणाला.

"ते तुमचं तुम्ही बघा. नंबर सांगा," बाई म्हणाल्या.

टकल्याने कळवळून हात जोडले. "बाई, म्हातारीला कशाला मध्ये आणता? त्यापेक्षा आम्हाला आत टाका ना!"