कंटिन्यू सेम

आमच्या वॉर्डातले कापगते डॉक्टर रोज सकाळी पहिला राऊंड स्वतःवरच घेतात. थट्टा करत नाही मी. टेबलावर त्यांच्या नावाचा केस पेपर आहे. वय सत्तावीस, तक्रार काही नाही. स्वतःची नाडी धरायची, आरशात जीभ बघायची आणि लिहायचं, ‘कंटिन्यू सेम’. म्हणजे चाललंय तेच चालू द्या. खाली सही, तारीख, वेळ. पेशंटच्या कागदावर सही विसरतील, या कागदावर कधी नाही.

अठरा वर्षं सिस्टर आहे मी या जिल्ह्यात. एम.डी. करायला आलेली पोरं ढिगानं पाहिली. पण असलं ध्यान पहिलंच.

‘कंटिन्यू सेम’ हे त्यांचं रामबाण औषध. मेसमध्ये सलग चौथ्या दिवशी वांग्याची भाजी आली, कंटिन्यू सेम. ड्युटी रूमचा पंखा पडला, कंटिन्यू सेम. एकदा छत्तीस तासांच्या ड्युटीनंतर ऑक्सिजनच्या सिलिंडरला धडकले, त्याला ‘सॉरी मॅडम’ म्हणाले आणि पुढे चालायला लागले. कसं काय विचारलं, तर उत्तर ठरलेलं.

घर लाखनीला. बसनं जेमतेम अर्धा तास. तरी ना पोळ्याला गेले, ना दिवाळीला. “पेशंटले सोडून कसा जाऊ, सिस्टर?” पेशंट मात्र त्यांना सोडून जायला एका पायावर तयार असत.

त्यांच्या बॅचमधल्या दोघांनी सीट सोडली, शिक्षण अर्धवट टाकून घर गाठलं. त्या दिवशी कापगते सरांनी इंटर्न मुलांना उभं करून भाषण ठोकलं. “कमिटमेंट पायजे! एकदा धानाचा रोवणा झाल्यावर बांधीतले रोप उपटून कोणी घरी नेते का?” मीही वर फोडणी दिली, “बरं झालं गेले. दोन माणसांचं रडणं कमी झालं.” सगळे हसले. सर सगळ्यात मोठ्यानं हसले.

मागच्या महिन्यात नागपूरहून समुपदेशक मॅडम आल्या. निवासी डॉक्टरांचं मन कसं आहे ते बघा, असा वरून हुकूम होता. मन बघायला अडीच ते साडेतीन अशी वेळ दिली होती. आधी सगळ्यांना फुगे फुगवायला लावले. कापगते सरांनी आपला फुगा फुगवून “फुफ्फुसं नॉर्मल” असं जाहीर केलं. मग मॅडम म्हणाल्या, मनात असेल ते चिठ्ठीवर लिहा, नाव घालू नका, डब्यात टाका. सरांनी लिहायला एक मिनिटही घेतलं नाही. मला वाटलं, काय लिहिणार, तेच.

तासाभरानं मॅडम एक चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आल्या. “सिस्टर, हे कुठलं औषध आहे हो?”

शहाण्यानं नाव लपवलं, अक्षर लपवायचं राहून गेलं. ते अक्षर अख्ख्या दवाखान्यात मला एकटीला लागतं. औषधाच्या दुकानातलासुद्धा मलाच फोन करून विचारतो. मी वाचलं. ‘मले रोज सकाळी पळून जावं वाटते. कोणाले सांगू?’

मॅडमना म्हटलं, “ज्याची आहे त्याला विचारून तुमच्याकडे घेऊन येते. नाव मी सांगणार नाही. तोवर जाऊ नका.”

सर ड्युटी रूममध्ये एकटेच होते.

“सर, चिठ्ठी वाचली मी.”

“वाचता आली?”

“अठरा वर्षं हेच वाचून राहिली.”

मग तो म्हणाला, “मी सीट सोडली त तुमी हसान का, सिस्टर?”

मला मान वर करवेना. हसणाऱ्यांत मीच पुढे होते. आपल्या या तोंडाची मला तेव्हा खरंच लाज वाटली.

“नाई हसत,” मी म्हटलं. “पण सोडाची का ठेवाची, ते मंग पाहू. घरी काहून नाई जात?”

“बाबानं बसस्टॉपवर बोर्ड लावला. माहा फोटो, खाली लिवलं ‘एम.डी.’, ॲडमिशन झाली त्याच दिवशी. त्याच्या खालून कोन्त्या तोंडानं जाऊ?”

मी माझा फोन त्याच्या हातात दिला. त्यानं बापाला लावला. “बाबा,” म्हणाला, आणि पुढे त्याला बोलताच येईना. म्हातारा घाबरला. त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. “काय झालं रे? जेवला नाईस का?”

“बाबा, तो बोर्ड...”

“कोन्ता बोर्ड? तो त वाऱ्यानं कवाच पडला. बैलाच्या कोठ्याच्या छपरावर टाकला म्या, पाणी गळे म्हून. त्याचं काय काम पडलं तुले?”

पोरगं हसलं. हसता हसता टेबलावर डोकं ठेवून रडायला लागलं. मी दार लोटून घेतलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. फोन चालूच होता.

“बाबू,” बाप विचारत होता, “घरी येतं का रे? ये ना.”