केळुसकरांचं लांबडं

कुणाच्या घरी बाळ झालं की माणसं पेढे मागतात. केळुसकर विचारायचे, "मेंटेनन्स किती?"

हा प्रश्न ते कशाहीबद्दल विचारत. कुणी नवी गाडी घेतली, कुणी कुंडीत तुळस लावली, कुणाचं लग्न ठरलं, की केळुसकरांची मान तिरकी व्हायची, डावा डोळा बारीक व्हायचा आणि ते म्हणायचे, "ते ठीक आहे रे, पण मेंटेनन्स किती?" आमच्या लग्नाचा अल्बम बघताना मेधाच्या फोटोवर बोट ठेवूनही त्यांनी मला हेच विचारलं होतं. मेधा चहाचा ट्रे घेऊन मागेच उभी होती. त्यानंतर बरेच दिवस आमच्याकडे त्यांना बिनसाखरेचा चहा मिळाला. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत आम्ही एकाच मजल्यावर राहायचो आणि विम्याच्या एकाच कंपनीत कामाला होतो. मी नव्या सिस्टिम्स बांधणाऱ्या, आणि त्या वेळेवर कधीच न देणाऱ्या, टीममध्ये होतो. केळुसकर मागच्या पिढीने लिहून ठेवलेल्या प्रोग्रामांची डागडुजी करायचे. दिवसभर दुसऱ्यांची पापं निस्तरून घरी येणाऱ्या माणसाला घरात काहीही निस्तरायचं नव्हतं. म्हणून वय पन्नाशीकडे झुकलं तरी लग्न नाही. केस स्वतःच मशीनने उडवलेले. शर्ट सगळे एकाच निळ्या रंगाचे, म्हणजे जोड्या लावायला नकोत. जेवण कागदी प्लेटमध्ये. नोव्हेंबर लागला की ते फ्रिज बंद करायचे आणि दूध-दही बाल्कनीत ठेवायचे. घरात खुर्ची एकच. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "दुसरी ठेवली की कोणीतरी येतं. आलं की बसतं. बसलं की उठत नाही."

मी तेव्हा जमिनीवर बसलो होतो आणि लगेच उठलो.

असा हा माणूस एका डिसेंबरात साप घेऊन आला.

बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती. मी पार्किंगमध्ये गाडीवरचा बर्फ खरवडत होतो. केळुसकर आपल्या गाडीतून उतरले ते छातीशी हात धरून. मला वाटलं, यांना हार्ट अ‍ॅटॅक आला. मी खरवडणी टाकून धावलो. त्यांनी जॅकेटची चेन इंचभर खाली केली आणि आतून एक चपटं तपकिरी डोकं बाहेर आलं. मग मी उलट्या दिशेने धावलो. बर्फावर मला एरवी चालताही येत नाही, पण त्या दिवशी मी जिन्यापर्यंत एकदाही घसरलो नाही.

"अरे, बिनविषारी आहे," ते मागून ओरडत होते. "अजगराच्या जातीतलं पिल्लू. आठवड्यातून एकदा खातो. भुंकत नाही, केस गळत नाहीत, फिरायला न्यावं लागत नाही. देवधर, झिरो मेंटेनन्स!"

आता माझं सापांशी जे नातं आहे ते सांगून टाकतो. आमच्या घरी सापाला साप म्हणत नसत, लांबडं म्हणत. नाव घेतलं तर येतो, म्हणे. मी इंजिनियर झालो, अमेरिकेत आलो, चारचौघांत अंधश्रद्धेवर व्याख्यानं दिली, पण टीव्हीवर साप दिसला की पाय सोफ्यावर घेत आलो. मेधाला मात्र मी सांगून ठेवलं होतं की कॉलेजात असताना मी होस्टेलमधला नाग पकडून दिला होता. पकडणारा दुसरा होता. मी टेबलावर उभा राहून मार्गदर्शन केलं होतं.

लांबड्याला केळुसकरांनी नाव ठेवलं नाही. "नाव ठेवलं की हाक मारावीशी वाटते," ते म्हणाले. काचेच्या पेटीत एक दिवा, पाण्याचं भांडं, लपायला एक फुटका मग. पठ्ठ्या मगाच्या मागे वेटोळं करून पडलेला असायचा. पण थोड्याच दिवसांत तो तोंड उघडून श्वास घ्यायला लागला. नाकपुडीवर बुडबुडे यायचे आणि आत बारीक शिट्टी वाजायची. खाणं तर त्याने आल्यापासून शिवलंच नव्हतं.

"सर्दी झालीय," मेधाने निदान केलं. ती नागपूरची. तिला सर्दीचं मोठं शास्त्र अवगत आहे. तिने तव्यावर ओवा भाजला, फडक्यात बांधला आणि पुरचुंडी केळुसकरांच्या हातात दिली. "भाऊजी, लहान मुलांना असाच शेक देतात. त्याच्या उशाशी ठेवा."

सापाची उशी कुठली, हे विचारायची हिंमत आम्हा दोघांनाही झाली नाही. पुरचुंडी मगाला टेकवून ठेवली गेली. पुढे सेंट पॉलच्या सापांच्या डॉक्टरीणबाईंनी पेटी हुंगली आणि विचारलं, "इज दॅट... फूड?" मग त्यांनी नीट तपासून सांगितलं की फुप्फुसं भरलीत, आजार दुकानातूनच आलाय आणि फार उशीर झालाय. तरी प्रयत्न करायचा असेल तर घरी इंजेक्शनं द्यावी लागतील. पेटी ऊबदार ठेवायची, हवा दमट ठेवायची, रोज कोमट पाण्यात बसवायचं.

मी वाट बघत होतो की केळुसकर आता प्रश्न विचारतील. त्यांनी विचारला नाही. त्यांनी फक्त सुई कशी धरायची ते दोनदा दाखवून घेतलं.

येताना वाटेत साप घेतला होता ते दुकान लागलं. तिथला माणूस म्हणाला, नो प्रॉब्लेम, गॅरंटी आहे. हा परत करा, पावती दाखवा, दुसरा घेऊन जा. मला तो तोडगा फार आवडला. मी तर दुसऱ्याऐवजी मासे घ्या असंही सुचवलं. केळुसकरांनी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि ते गाडीत जाऊन बसले.

"उद्या मी आजारी पडलो तर ऑफिसवाले हेच करतील," ते म्हणाले. "पावती दाखवून दुसरा आणतील. आपण तरी असं करू नये."

इंजेक्शन द्यायला दोघं लागायचे. एकाने धरायचं, एकाने टोचायचं. होस्टेलच्या नागामुळे धरायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मी ओव्हनचे जाड हातमोजे घालून, डोळे मिटून उभा राहिलो. माझ्या हातावर काहीतरी हललं आणि मी एवढ्या जोरात ओरडलो की खालच्या मजल्यावरच्यांनी छत ठोकलं. हललं होतं ते हातमोज्याचं लेबल. मेधाने मला बाजूला केलं, बांगड्या मागे सारल्या आणि लांबड्याला भाजीची जुडी धरावी तसं उचललं. त्यानंतर माझ्याकडे टॉर्च धरायचं काम आलं. होस्टेलच्या नागाचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

केळुसकर त्याच्याशी बोलायचे. "घे रे बाबू, संपलं हां, संपलं." ऑफिसात दोन वाक्यांवर तिसरं न बोलणारा माणूस त्या पेटीपाशी गुडघे टेकून तासन्‌तास बोलत असायचा. पेटीचं तापमान बघायला ते दुपारी लंच सोडून घरी यायला लागले. मॅनेजरला त्यांनी "फॅमिली इलनेस" असं कारण दिलं होतं.

जानेवारीत एका सकाळी, मी ऑफिसला निघताना, त्यांचा फोन आला.

"देवधर. गेलो रे तो."

केळुसकर मूळचे कुडाळकडचे, पण मालवणी त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकली.

आता पुढे काय करायचं यावर त्यांचं मत पक्कं होतं. "आमच्याकडे मेलेला नाग दिसला तर त्याला अग्नी देतात. टाकत नाहीत."

"पण केळुसकर, हा नाग नाही. आफ्रिकेतला अजगर आहे."

"तिकडून उठून इथे थंडीत येऊन पडलाय. म्हणजे आपल्यातलाच."

पोहण्याच्या तलावाशेजारी अपार्टमेंटची सार्वजनिक ग्रिल होती. उन्हाळ्यात तिच्यावर लोक कणसं भाजायचे. आम्ही दोघं, गुडघाभर बर्फात, फॉइलमध्ये गुंडाळलेलं लांबडं, तुपाची वाटी आणि तुळशीची दोन वाळकी पानं घेऊन तिथे उभे राहिलो. कोळसा काही पेटेना. तेवढ्यात अपार्टमेंटच्या मॅनेजरबाई आल्या. या थंडीत ग्रिल करणारी माणसं त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. त्या खूष झाल्या आणि फॉइलकडे बोट दाखवून म्हणाल्या, "व्हॉट्स कुकिंग?"

"सॉसेज," मी म्हणालो. मी तीन पिढ्यांचा शाकाहारी माणूस, पण तोंडातून तेच आलं.

"सेव्ह मी वन!" म्हणून त्या हसत निघून गेल्या. केळुसकरांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्या थंडीतही मला घाम फुटला. आम्ही फॉइल उचललं आणि परत आलो.

जमिनीत पुरावं तर जमीन दगड झालेली. मिनेसोटात जानेवारीत कुदळ मारली तर कुदळ वाकते. वसंतापर्यंत थांबणं आलं. केळुसकर आमच्या दारात डबा घेऊन उभे राहिले आणि त्यांनी मेधाकडे न बघता विचारलं, "तुमच्या फ्रीजरमध्ये ठेवाल?"

"अहो, तुमचा फ्रिज आहे की. चालू करा," मी घाईघाईने म्हणालो.

"माझ्याकडे ठेवला तर मी सारखा उघडून बघीन."

मेधाने डबा घेतला. तिने तो वर्तमानपत्रात गुंडाळला, दोन पिशव्यांत बांधला आणि गेल्या गणपतीच्या उरलेल्या उकडीच्या मोदकांना तिथून कायमचं हलवलं. मी पुढचे महिने फ्रीजरचं दार उघडलं नाही. आइस्क्रीम खाणं सोडलं आणि मित्रांना सांगितलं की वजन कमी करतोय. ते थोडं झालंही.

मग केळुसकर संध्याकाळी यायला लागले. दारात उभे राहून म्हणायचे, "थोडा बर्फ मिळेल का?" बाहेर क्षितिजापर्यंत बर्फ पसरलेला आणि हा माणूस वाटी घेऊन बर्फ मागायला आलेला. मेधा फ्रीजर उघडायची, ट्रे काढायला मुद्दाम वेळ लावायची. ते तिच्या खांद्यावरून आत बघायचे. मग वाटीतले खडे वितळेपर्यंत बसायचे.

"यांना एवढा बर्फ लागतो कशाला?" मी एकदा म्हणालो.

"अरे बाप्पा, तुला खरंच कळत नाही?" मेधा म्हणाली. "ते त्याला भेटायला येतात."

हळूहळू ते जेवायला थांबायला लागले. त्यांना सोलकढी करता येते हे आम्हाला कळलं. कॉलिंग कार्डावरून गावच्या भावाला फोन केला की दोन मिनिटांत दोघांकडचं बोलणं संपतं आणि उरलेली मिनिटं वाया जातात, हेही एकदा त्यांनी वाढून घेता घेता सांगितलं.

एप्रिलमध्ये बर्फ गेला. मी मागच्या तळ्याकाठी जाऊन काठी रोवून पाहिली. ती लोण्यात जावी तशी गेली. मी घरी येऊन केळुसकरांना सांगितलं, "अजून कडक आहे हो. वरवर मऊ वाटते, पण खाली दगड." मेधा म्हणाली, "घाई करू नका भाऊजी, पुन्हा फ्रॉस्ट येतो कधी कधी." केळुसकर म्हणाले, "हो, येतो." तिघंही आमटीच्या वाटीत बघत बोलत होतो. फ्रीजरमधल्या लांबड्याला घाबरणारा मी त्याचा मुक्काम वाढवत होतो. डबा गेला की हेही यायचे थांबतील, ही भीती मला त्या लांबड्याच्या भीतीपेक्षा मोठी वाटायला लागली होती.

पण मे महिन्यात नागपूरहून सासूबाई येणार होत्या. त्या कुणाच्याही घरी गेल्या की पहिल्यांदा फ्रिज आवरायला घेतात. इलाज नव्हता.

तळ्याकाठच्या एका झाडाखाली केळुसकरांनी खड्डा खणला. डबा मी स्वतः उचलून नेला, हातमोजे न घालता. माती लोटून झाल्यावर त्यांनी नारळ ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा महाराजा, ह्यो पोरगो तुझ्या वाटेक लागलो हा, तेका सांभाळून घे रे महाराजा!"

कोकणात गाऱ्हाण्याला बाकीच्यांनी साथ द्यायची असते, एवढं मला ठाऊक होतं. मी आणि मेधा म्हणालो, "व्हय महाराजा!"

"ह्या परमुलखात जो कोण एकटो आसा, तेका कोणतरी सांगाती दी रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" मी जरा जास्तच मोठ्याने म्हणालो. आवाज फुटला तो कुणाला कळू नये म्हणून.

त्यांनी नारळ फोडला, खोबरं वाटलं, हात धुतले. "चला, तुमचा फ्रीजर मोकळा झाला," असं म्हणून ते आपल्या दारातून आत गेले.

त्या आठवड्यात ते आले नाहीत. ऑफिसात दिसायचे, मान हलवायचे. मेधा तीन माणसांचा भात लावायची आणि सकाळी फोडणीचा भात व्हायचा. सासूबाई आल्या, त्यांनी फ्रिज आवरला, फ्रीजर लखलखीत केला. "चौथं पान कोणाचं गं?" त्यांनी विचारलं.

एका संध्याकाळी आम्ही जेवायला बसणार तोच बेल वाजली. मी दार उघडलं. केळुसकर उभे होते. हातात काही नव्हतं.

"काही हवंय का?" मी विचारलं. तोंडातून नको ते निघण्याची माझी खोड जुनीच आहे.

त्यांनी विचार केला. कारण शोधत असावेत. मग त्यांनी तो नाद सोडला.

"काही नाही रे," ते म्हणाले. "घरी करमत नाही."

मी दारातून बाजूला झालो. सासूबाईंनी आतून डोकावून एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा मेधाकडे पाहिलं आणि ताट घेतलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "आधी पोळी वाढू की भात?"