दोन कड्यांची पेटी

आमच्याकडे नवा फ्रिज आला तेव्हा मजल्यावरची सगळी मंडळी तो बघायला आली. बोरस्तेकाकाही आले. त्यांनी फ्रिजकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कोपऱ्यात उभ्या केलेल्या रिकाम्या खोक्यापाशी गेले, बोटाच्या पेराने त्यावर टकटक केलं, कान लावला, आतला थर्माकोल दाबून बघितला आणि माझ्या बायकोने दिलेला चहा हातात घेत म्हणाले, "झकास! माल काय, कुठंबी मिळतो. अशी पॅकिंग मिळत नाय. खोकं टाकून देनार असाल तर मला सांगा."

फ्रिजचं कौतुक राहिलंच. माझी बायको तेव्हापासून त्यांच्यावर फुगून होती.

वसंतराव बोरस्ते हे आमचे नाशिक रोडचे शेजारी. मूळचे सायखेड्याचे. इथे नोटांच्या प्रेसमध्ये नोकरी झाली, रिटायर झाले, पण बोलणं अजून गोदाकाठचंच. त्यांच्या पत्नी शालिनीबाई गाणं शिकवतात. अख्खी कॉलनी त्यांना बाई म्हणते, म्हणून काकाही 'आमच्या बाई' असंच म्हणतात. काकांना स्वतःला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. ही मी चहाडी करत नाही, ते स्वतःच सांगतात. "आपल्याला सगळे राग सारखेच. पेटीबद्दल विचारा, सांगतो." पेटी म्हणजे वाजवायची नव्हे. बाईंचा तंबोरा ज्यात ठेवतात ती.

या पेटीपायी काकांना जगातल्या यच्चयावत डब्यांचं, खोक्यांचं आणि बॅगांचं वेड लागलं. लग्नात आहेराची बॅग दिसली की टकटक. माझी नवी गाडी आली तेव्हा बॉनेटवर टकटक. "पत्रा पातळ हाय." त्यांची कसोटी एकच. "परवास झाला हे आतल्याला कळता कामा नये." एकदा मी बहिणीला नागपूरला द्राक्षं पाठवत होतो. काकांनी खोकं माझ्या हातातून काढून घेतलं आणि तासभर कागदाच्या चिंध्या भरत बसले. बहिणीचा फोन आला की द्राक्षं शोधायला वेळ लागला, पण एकही मणी घडातून सुटलेला नव्हता. मी हे काकांना सांगितलं तर ते खूश झाले नाहीत. म्हणाले, "मग? सुटायला काय झालं?"

बाईंच्या तंबोऱ्याची पेटी सायखेड्याच्या सुताराने केलेली. अस्सल सागवान, कोपऱ्यांना पितळी पत्रे, आत कापूस भरून वर डाळिंबी मखमल, आणि दोन्ही टोकांना एकेक जाडजूड पितळी कडी. पेटी इतकी जड की एकट्या माणसाने उचलायची म्हटलं तर कंबर धरावी. बाई एका कडीला आणि काका दुसऱ्या कडीला, असं करून त्या दोघांनी ती पेटी एसटीच्या टपावर चढवली, बैलगाडीत ठेवली, शाळांच्या, देवळांच्या आणि मंगल कार्यालयांच्या पायऱ्या चढवली. आमच्या जिन्यावरून ती उतरायला लागली की "सरका, सरका" असा काकांचा आवाज यायचा आणि आम्ही सगळे आपापल्या दारात मागे व्हायचो. पुढे बिल्डिंगला लिफ्ट बसली, पण पेटी तिच्यात मावली नाही. काकांनी दोष लिफ्टला दिला.

पावसाळ्यात हे लाकूड फुगायचं. सिन्नरला एका कार्यक्रमात लोक येऊन बसले, निवेदकाने बाईंचं नाव घेतलं, आणि पेटीचं झाकण उघडेना. काका झाकणाशी झटत राहिले, शेवटी तबलजीची हातोडी मागून घेतली. बाईंनी तोवर तंबोऱ्याशिवायच गायला सुरुवात केली होती. ही गोष्ट दुसरा कुणी लपवून ठेवेल. काका ती पेटीची थोरवी म्हणून सांगतात. "इतकी टाइट! वारा म्हनून जात नाय आत."

तर या पेटीला यंदा सवत आली.

झालं असं की गेली काही वर्षं बाई घरीच शिकवत होत्या. यंदा गंगापूर रोडला दर रविवारी वर्ग घ्यायचं ठरलं. बाईंची जुनी शिष्या रश्मी, आता स्वतःच चाळिशीची, तिने न्यायची-आणायची जबाबदारी घेतली आणि गुरुदक्षिणा म्हणून नवी पेटी आणली. फायबरची, निळी, पाण्याने भिजत नाही, आत तंबोऱ्याच्या मापाचा फोम, खाली चाकं. रश्मीने ती एका बोटाने हॉलभर फिरवून दाखवली आणि अगदी मायेने म्हणाली, "काका, आता तुम्ही अजिबात दगदग करायची नाही. घरी मस्त आराम करायचा."

काका नुसते "बरं" म्हणाले. त्यांनी नव्या पेटीवर टकटक केलं, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रचाराला लागले.

दोन्ही पेट्या त्यांनी गॅलरीत शेजारी शेजारी मांडल्या आणि येईल त्याला धरून फरक सांगायला सुरुवात केली. दूधवाला सुटला नाही. मी तर समोरच राहतो. "ही हलकी हाय, मान्य. पन हलकं असलं की मानूस फेकतो. जड असलं की अदबीनं उचलतो. खरं का खोटं?" मी म्हटलं, खरं आहे. "हिला चाकं हायेत. चाक म्हंजे काय? खडखड. सगळी खडखड थेट आतल्याला." मी म्हटलं, फोम आहे ना काका. "फोम दबतो. दबला की संपला. कापूस पिंजता येतो." मी म्हटलं, ही पावसात फुगत नाही. यावर काका माझ्याकडे असे बघायला लागले की मी विषय बदलला.

बाई हे सगळं आतून ऐकायच्या. एवढंच म्हणाल्या, "रविवारी कोणती न्यायची ते आधी ठरवा म्हणजे झालं."

तेव्हा काकांनी परीक्षा जाहीर केली. तंबोऱ्याचा खालचा भाग भोपळ्याचा असतो, तेव्हा परीक्षाही भोपळ्यानेच घ्यायची. सायखेड्याहून भावाच्या मळ्यातली दोन डांगरं मागवली, लाल, गरगरीत, जवळपास सारखी. एक जुन्या पेटीत, एक नव्या पेटीत. दोन्ही पेट्या सिन्नरच्या जीपच्या टपावर बांधायच्या, सिन्नरला जाऊन परत यायचं आणि उघडून बघायचं. पंच म्हणून मी. मला कुणी विचारलं नाही, नेमलं.

काका ड्रायव्हरशेजारी बसले आणि म्हणाले, "बाबा, एकबी खड्डा सोडू नको." ड्रायव्हरला आजवर प्रत्येक पॅसेंजरने उलटंच सांगितलेलं. तो बिचारा वाटभर माझ्याकडे आरशातून बघत होता, की यांना कुठल्या दवाखान्यात तर न्यायचं नाही ना. पण माणूस शब्दाचा पक्का निघाला. जाता-येता त्याने एकही खड्डा सोडला नाही, आणि माझ्या पाठीने ते सगळे मोजले.

परत आलो तेव्हा पार्किंगमध्ये निम्मी बिल्डिंग जमली होती. आधी नवी पेटी उघडली. डांगर जसं ठेवलं तसं. मग जुनी. झाकण उघडल्याबरोबर मखमलीवर ओला डाग दिसला. डांगराला देठापासून खालपर्यंत चीर गेली होती.

काकांनी त्या चिरेवरून बोट फिरवलं. "लय पिकलेलं हुतं," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. मला एरवी त्यांना चिडवायची सवय आहे, पण त्या वेळी मला त्यांच्याकडे बघवेना.

इतक्यात बाई खाली आल्या. त्यांनी दोन्ही पेट्यांत डोकावून पाहिलं आणि हसायलाच लागल्या. "अहो, तंबोऱ्याचा भोपळा वाळवलेला असतो. आतून पोकळ. वजन ते काय त्याला! तुम्ही आख्खं गराचं डांगर घालून आणलंत? इतकी वर्षं तंबोरा उचलताय, एवढं कळलं नाही?"

"तंबोरा कुठं उचलला मी?" काका म्हणाले. "तो तुमी उचलता. मी पेटी उचलली."

परीक्षा बाद झाली. दोन्ही डांगरांचे घारगे झाले आणि मजल्यामजल्यावर वाटले गेले. माझ्या बायकोने फ्रिजचा राग त्या दिवशी सोडला. काका मात्र कुणाच्या दारात रेंगाळले नाहीत.

शनिवारी संध्याकाळी मी काकांच्या गॅलरीत गेलो तर ते जुन्या पेटीवर बसून नव्या पेटीची चाकं फडक्याने पुसत होते. मी म्हटलं, "मग? उद्या हीच का?"

"हीच. रश्मीच्या गाडीत जुनी मावत नाय. आन खरं सांगू का, ही बेस हाय. मला पयल्या दिवशीच कळलं. टकटक केलं तेव्हाच."

"मग एवढा उपद्व्याप कशाला केलात?"

काकांनी फडकं झटकलं आणि पुन्हा घडी घातली. "वो, मला गानं कळत नाय. बाईंच्या लायनीतले लोक जमले की काय काय बोलायचे, मला एक अक्षर समजायचं नाय. मी आपला पेटीपाशी बसायचो. कुनी विचारलं, तुमी कोन, तर सांगायचो, पेटी सांभाळतो. इतकी गावं फिरलो बाईंच्या संगं, ते या कडीला धरून." त्यांनी बसल्या जागेवरून हात खाली नेऊन ती पितळी कडी चाचपली. "आता पेटीला चाकं आली. मी काय म्हनून गाडीत बसू?"

मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. गॅलरीचं दार लोटलेलं होतं आणि आत बाई संध्याकाळचा दिवा लावत होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही.

रविवारी सकाळी रश्मी वेळेवर आली. मी मुद्दाम दार उघडून पेपर वाचत उभा होतो. काका घरातल्याच सदऱ्यात दारात उभे. रश्मीने निळी पेटी ढकलत बाहेर आणली, मी लिफ्टचं बटण दाबून दार धरून ठेवलं. पेटी आत मावणार होती, उभी, ऐसपैस.

"थांब गं," बाई म्हणाल्या.

तेव्हा मला दिसलं. पेटीच्या निमुळत्या टोकाला, खांद्याचा पट्टा अडकवायची जागा असते तिथे, जुन्या साडीच्या काठाचा एक बंद घट्ट बांधलेला होता. चांगला मूठभर जाड, दुहेरी शिवलेला. रश्मी म्हणाली, "बाई, हे कशाला? चाकं आहेत की."

"जिन्यात चाकं काय कामाची?" बाईंनी चाकांकडची मूठ स्वतः धरली. "अहो, सदरा बदलून या. आणि हे टोक धरा."

"लिफ्ट आहे ना बाई," रश्मी म्हणाली.

"लिफ्टमध्ये पेटीला धक्का लागतो," बाई म्हणाल्या. आमच्या लिफ्टइतकी संथ लिफ्ट सबंध नाशिक रोडला नसेल.

काका आत गेले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केस विंचरूनच बाहेर आले. त्यांनी साडीच्या बंदात हात घातला, एकदा ओढून बघितला आणि सवयीने पेटीवर टकटक केलं. मग दोघांनी ती उचलली, बाई पुढे, काका मागे, आणि एका हाताने सहज पेलेल अशी ती पेटी दोघं मिळून जिना उतरायला लागले.

"सरका, सरका," काका म्हणाले. जिन्यात कुणीच नव्हतं. "बाई, सावकाश. आतल्याला कळता कामा नये."

"आतल्याला सगळं कळतं हो," बाई मागे न बघता म्हणाल्या. "तुम्ही पायरी बघा."

वळणावर ते दिसेनासे झाले, तसं मी लिफ्टचं दार सोडून दिलं आणि ती रिकामीच खाली गेली.