सगुणेच्या बाळंतपणावरील स्थगिती

कोर्टाच्या ‘जैसे थे’ हुकुमाने थांबलेल्या बाळंतपणाची कथा निरनिराळ्या पाठांत आढळते. घाटाखालच्या पाठात बाळंतपणाऐवजी आजोबांचे मरण अडते; नदीकाठच्या पाठात झाडावरचा फणस पिकायचा राहतो, आणि ती बहुधा मुलांसाठी केलेली सौम्य रचना असावी. पुढील पाठ एका तेलघाण्याच्या गावचा. सून या एकाच पाठात येते.

घोलपांचा कर्ता पुरुष वारला आणि घर व घाणा यांच्या वाटपासाठी दोन भावांत दावा लागला. थोरला यशवंत विधुर, निपुत्रिक. धाकट्या दिगंबरच्या बायकोचे, सगुणेचे, दिवस भरत आले होते. यशवंताच्या वकिलाने अर्ज केला की, दावा चालू असता घरात नवा वारस येणे न्याय्य होणार नाही. न्यायाधीशांनी निकालापर्यंत मिळकत व कुटुंब जैसे थे ठेवण्याचा हुकूम दिला. बेलिफाने तो अंगणात वाचला तेव्हा सगुणेला कळा सुरू होत्या. वाचन संपले आणि कळा थांबल्या.

सुईण हात धुऊन उठली. “माझ्याकडून काही राहिलं नाही, बाई. सरकारी हुकुमापुढं माझं काय चालणार?”

तारखा पडत राहिल्या. वकील आजारी पडत, न्यायाधीश बदलून जात. सगुणेच्या बरोबरीने पोटुशी असलेल्या बायकांची पोरे शाळेत जाऊ लागली. ती मात्र एक हात पोटाखाली धरून पाणी भरत राहिली. आधी मूल आतून लाथा मारी. पुढे ते दिवसाकाठी एकदाच हलू लागले, आणि तेवढे हलेपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरेना.

“अहो, दावा सोडा,” ती नवऱ्याला म्हणाली. “सगळं भावजींना देऊन टाका.”

“आणि पोराला काय देऊ?”

“आधी पोर तर येऊ द्या.”

दिगंबर उठून घाण्याकडे गेला.

एके दिवशी मूल हललेच नाही. संध्याकाळी कुठे त्याची किंचित चाहूल लागली. दुसऱ्या दिवशी सासू सगुणेला घेऊन कोर्टात उभी राहिली.

“साहेब, घरातली माणसं तेवढीच राहिली म्हणजे झालं ना? मग मी जाते, ते येऊ दे. माझं खाऊन-पिऊन झालंय.”

यशवंताचा वकील उठला. “विधवेला मिळकतीत हिस्सा आहे. त्या गेल्या तर हिस्से बदलतात. आमची हरकत आहे.”

हरकत मान्य झाली. न्यायाधीशांनी विचारले, “ज्याला हिस्सा नाही, असं घरात कुणी आहे का?”

दिगंबर खाली पाहू लागला.

“आहे की,” यशवंत म्हणाला. “सून आहे. नवरा हयात असताना तिचा कसला हिस्सा?”

“तोंड आवर, यश्या,” म्हातारी म्हणाली. “तिच्याच हातचं जेवून इथं आलास ना?”

“जेवलो. जेवणाला हिस्सा म्हणत नाहीत, आई.”

सगुणा पुढे झाली. “साहेब, मी गेले तर हे येईल?”

“माणसं आणि हिस्से कायम राहत असतील तर हुकुमाचा भंग होत नाही.”

“जायचं कुठं?”

“घराबाहेर. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा.”

“आणि परत?”

“निकालानंतर.”

तिने मान हलवली. दिगंबरला काही सांगायचे आहे का, असे विचारण्यात आले. त्याने सांगितले की, त्याची हरकत नाही.

बाळंतपण उंबऱ्याबाहेर, अंगणात झाले. बेलिफ दारात उभा होता. सगुणेने मूल दोन्ही हातांनी उंबऱ्यावरून आत दिले, सासूने ते पदरात घेतले. बेलिफाने घरातली माणसे मोजली. ती तेवढीच भरली.

मूल रडू लागले.

“घटकाभर आत येऊन पाजू दे की रे तिला,” सासू म्हणाली.

“ती आत आली तर एक माणूस वाढतं, आजी. मूल बाहेर दिलं तर एक कमी होतं.”

सगुणेला पान्हा फुटला होता. चोळी भिजून गेली होती. बेलिफाने तिला पुढची तारीख सांगितली आणि दार ओढून घेतले.