हातिमचा हावरट नमुना

कैरोत पंख्यांची एक कंपनी. तिथं हातिम नावाचा पोरगा कॉम्प्युटरवर बसायचा. भारी हुशार! हे त्यानंच सगळ्यांना सांगितलेलं.

मालक फिक्रीसाहेब एकदा गिऱ्हाइकांच्या मेलना वैतागले. "अरे हातिम, आधी सलाम, मग दुआ, मग माझ्या सात पिढ्यांना आशीर्वाद! तक्रार सापडेपर्यंत माझा चहा गार! काढून टाक ते पाल्हाळ. जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर ते बघ दार!"

आता पक्की नोकरी नाही, तर त्याच्या लाडक्या सफाचा बाप पोरगी देणार नाही. हातिमनं छाती फुगवली. "एका ओळीचं काम, साहेब! रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात त्याला. मी नमुना सांगायचा, मशीननं तसला मजकूर हुडकून उडवायचा. 'सलाम'पासून 'बरकत'पर्यंत सगळं साफ!"

आणि झालं की हो साफ! कैरोचा माणूस सलाम-बरकत करून सुरुवात करतो, अन् सलाम-बरकत करूनच निरोप घेतो. हातिमचा नमुना निघाला हावरट! पहिल्या बरकतीपाशी थांबतोय कशाला? थेट शेवटच्या बरकतीपर्यंत गिळत सुटला. मधली तक्रारही पोटात!

फिक्रीसाहेब बघतात तर सगळे मेल कोरे. "एकसुद्धा तक्रार नाही? माझा पंखा म्हणजे जन्नतचा वारा!" सगळ्या ऑफिसला बसबूसा, म्हणजे रव्याची मिठाई, वाटली. फोन उचलून कारखान्याला हुकूम, "हाच पंखा दुप्पट बनवा!"

हातिमच्या घशात बसबूसा अडकला.

"थांबा, एक उरलाय! ना सलाम, ना दुआ!" साहेब मोठ्यानं वाचू लागले. "तुमचा मेला पंखा भिंतीलाच वारा घालतो. मालकाला सांगून जीभ झिजली, तो पेपरातून डोकं काढत नाही." खाली सही, "इन्शिराह."

साहेबांचा चेहरा पांढराफटक. "अरे, ही तर आमची बायको!"

हातिमनं सगळं कबूल केलं. "पण साहेब, मूळ मेल शाबूत आहेत! मी नकलेवर काम केलं. नमुन्यात 'पहिल्यापाशीच थांब' सांगणारं एक प्रश्नचिन्ह घालायचं राहिलं, बस!"

घातलं. नमुना पहिल्या बरकतीपाशी शहाण्यासारखा थांबला, अन् तक्रारी भडाभडा बाहेर! एकूण एक पंखा भिंतीकडे तोंड करून बसलेला!

साहेबांनी धावत कारखान्याला फोन लावला. अजून एकही नवा पंखा बनला नव्हता. धपकन खुर्चीत बसले. "अल्हम्दुलिल्लाह! वाचलो रे!"

"आणि... माझी नोकरी?"

"पक्की! बायकोनं तुलाही वाचवलं आणि मलाही." मग साहेबांनी दार लोटलं, आवाज खाली आणला. "फक्त तो हावरट नमुना टाकून देऊ नकोस हं. तिचे निरोप येतात ना माझ्या फोनवर, त्यांना लावून दे."

हातिमनं कान खाजवला.

"नाही चालायचा, साहेब. त्याला आधी सलाम लागतो!"