व्यंकटरावांची मान खाली गेलीच नाही

"आज या अर्धशिशीला वेशीबाहेर हाकलतो की नाही, बघच तू!" आरशासमोर उभे राहून व्यंकटराव गरजले. गरजले म्हणजे आपले त्यांच्या बेताने गरजले. स्वयंपाकघरातल्या बायकोला, कस्तुराबाईंना, ते ऐकूसुद्धा गेलं नाही.

व्यंकटराव राणीसावरगावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. तीस वर्षं पुस्तकात डोकं घालून त्यांच्या मानेला विळ्याचा बाक आला होता. माणसांसमोर तर ती आणखीच खाली जायची. समोरचा काहीही म्हणाला, की हे आपल्या पायाचे अंगठे बघायचे आणि तोंडातून आपोआप "बरं" निघायचं! असं "बरं" म्हणून त्यांनी एकदा शेजाऱ्याची लंगडी शेळी विकत घेतली होती. एकदा भजनी मंडळात टाळ वाजवायचंही कबूल केलं होतं. टाळ अजून खुंटीला आहेत.

आणि आज तर पूर्णेचे दत्तराव यायचे होते. रेल्वेतले निवृत्त गार्ड. त्यांच्या मुलाशी व्यंकटरावांच्या लेकीची, मंदाची, सोयरीक आज पक्की व्हायची होती. मंदा परभणीला डी.एड. करत होती. एक वर्ष राहिलं होतं.

"अण्णा, पोरगा मला पसंत हाय," ती सकाळीच म्हणाली होती, "पण त्याचे वडील शिक्षण सोडा म्हणायलेत. तुमी एवढंच म्हणा, वरीस पुरं होऊ द्या. म्हणताल ना?"

"बरं," अण्णा म्हणाले, आणि त्याच क्षणी डोक्याची डावी बाजू ठणकायला लागली.

पण या वेळी उपाय हाताशी होता! भाचा रंगनाथ परभणीला कबड्डीच्या पोरांना तयार करायचा. त्याने ताणणाऱ्या चिकटपट्टीचं एक रीळ पाठवलं होतं, सोबत अंतर्देशीय पत्र. मानेच्या मागे ही पट्टी लावली की स्नायू सैल पडतात आणि अर्धशिशी पुष्कळदा उतरते, असं त्यात होतं. छापलेल्या आणि लिहिलेल्या शब्दावर व्यंकटरावांचा फार विश्वास. अडचण एवढीच, की दोन्ही हात मानेमागे, मग पत्र धरायचं कोणी? त्यांनी ते भिंतीवर कॅलेंडरच्याही वर टाचण्यांनी ठोकलं आणि मान वर करकरून एकेक ओळ वाचायला लागले.

'केसांपासून खांद्यापर्यंत दोन पट्ट्या. चांगल्या ताणून.' ताणल्या! 'वर एक आडवी.' लावली! शिवाय स्वतःच्या मनाने आणखी दोन. औषध काय आणि संदर्भ काय, जास्त झाला म्हणून बिघडत नाही.

पत्र संपलं. व्यंकटरावांनी मान खाली घेतली. म्हणजे घेऊ लागले. मान येईना!

हनुवटी आभाळाकडे, जणू कोंबडा आता बांग देणार!

"आवं, काय बघायलाव वर?" कस्तुराबाई आत आल्या. "पाल हाय का काय?"

"पट्टी... काढ!"

कस्तुराबाईंनी एक टोक धरून ओढलं. व्यंकटराव असे किंचाळले, की अंगणातल्या लिंबावरचे कावळे उडाले. चैत्राचं ऊन, घामाने डिंक मुरलेला, पट्टी कातडीला जिवाभावाची होऊन बसलेली. तेवढ्यात बाहेरून सोयरीक जुळवणाऱ्या आश्रुबाची हाक आली, "पावणे आले होऽ!"

पाहुण्यांच्या पायावर पाणी घालायचं काम मुलीच्या बापाचं. व्यंकटरावांनी अंदाजाने तांब्या कलता केला. पहिली धार दत्तरावांच्या धोतरावर गेली, दुसरी त्यांच्या पिशवीत. यजमान मात्र माळवदाकडे बघत उभे!

बैठक बसली. व्यंकटरावांची नजर तुळईवर. ते काय बघतात म्हणून दत्तरावांनीही वर बघितलं. मग आश्रुबानेही.

"आश्रुबा," दत्तराव कुजबुजले, "तुमी तर म्हणला व्हता, माणूस लय गरीब हाय, मान वर करून बोलत न्हाई."

"न्हाईच करत वो! आज कुणाचं वारं लागलं काय माहीत!"

दत्तराव खाकरले आणि मुद्द्यावर आले. "हे बघा, पोरगी पसंत हाय. पण शिक्षण आता बास. जूनात लगीन उरकू."

दाराआड बांगड्या वाजल्या. मंदा उभी होती.

व्यंकटरावांनी सवयीने पायाचे अंगठे शोधले. दिसेनात! अंगठ्यांवाचून "बरं"सुद्धा फुटेना. निदान मान तरी हलवावी, होकार द्यावा, आणि ही घटका एकदाची टळावी, म्हणून त्यांनी मान जोरात खाली ओढली. पट्टीने ती दुप्पट जोराने वर खेचली. केस उपटले आणि कळ येऊन तोंडातून निघालं, "च्!"

आता हनुवटी वर आणि तोंडाने "च्", याचा अर्थ आमच्याकडे पाळण्यातलं पोरही सांगेल. जमायचं न्हाई!

दत्तराव चपापले. "बरं, मंग असं करू. लगीन जूनात, परीक्षा तिनं घरी बसून द्यावी."

व्यंकटरावांना दरदरून घाम फुटला. सोयरीक मोडली तर? त्यांनी आणखी जोर लावून होकार दिला.

"च्! च्!"

दत्तराव उठून उभे राहिले. आश्रुबाच्या हातातली सुपारी खाली पडून पार उंबऱ्यापर्यंत गडगडली.

"तीस वर्षं गार्डकी केली मी," दत्तराव सावकाश म्हणाले. "पन झेंडी न दाखवणारा असा माणूस न्हाई बघितला. पोरीसाठी एवढा अडून बसलेला बाप तर न्हाईच न्हाई." ते पुन्हा खाली बसले. "ठीक हाय. वरीस पुरं होऊ द्या. पुढच्या उन्हाळ्यात लगीन. आता तरी?"

व्यंकटरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. चेहरा आभाळाकडे असल्याने ते थेट कानात गेलं. या वेळी मात्र मान हलवायची चूक त्यांनी केली नाही.

"बरं," ते म्हणाले.

पाहुणे गेल्यावर मंदाने भिंतीवरचं पत्र काढलं. भिंतीकडे दुमडलेल्या पदरावर बारीक अक्षरात ता. क. होता. 'पट्टी मान पुढे झुकवून, दुसऱ्याकडून, अगदी हलकी ताणून लावून घ्यावी. काढताना गोडेतेल वापरावं.' वाचनालयात येणाऱ्याला "तळटीप आधी वाचा" म्हणून सांगणारा हा माणूस!

पावशेर तेल जिरल्यावर मान सुटली.

"अण्णा," तेलाची वाटी बाजूला ठेवत मंदा म्हणाली, "लय खंबीर राहिलाव आज."

मी तर होच म्हणत होतो गं, असं त्यांना सांगायचं होतं. ओठांपर्यंत आलंही. पण मान आता खाली येत होती आणि समोर अंगठे दिसत होते.

"बरं," ते म्हणाले.

पुढच्या वैशाखात मंदा डी.एड. होऊन पूर्णेला नांदायला गेली. आठवड्याने व्यंकटरावांचं डोकं पुन्हा उठलं. त्यांनी फळी, पेटी, पुस्तकांचं कपाट, सगळं पालथं घातलं.

"अगं, त्या पट्टीचं उरलेलं रीळ कुठं ठेवलंस?"

"ते व्हय?" चुलीपुढून कस्तुराबाई म्हणाल्या. "मंदानं नेलं. म्हनली, तिकडं सासऱ्यापुढं पाच-सहा म्हैने मलाच लागंल."